आज काय दिसलं

"भारद्वाज दिसल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार न्हाई," आई म्हणाली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत पदर सावरून बसली.

दारात बशीरभाईंची सुमो घरघरत उभी होती. थर्मास, चादरी, एक्स-रेचं मोठं पाकीट, सगळं मागच्या सीटवर चढलं होतं. माझा एक पाय गाडीत आणि एक खाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला. चांगल्या कामाला निघताना भारद्वाजाचं दर्शन घ्यावं. दिसला की निघू."

आता भारद्वाज म्हणजे काही दुर्मीळ पाखरू नव्हे. कावळ्याहून जरा थोराड, अंगानं काळाकुळकुळीत, पंख भाजल्या विटेच्या रंगाचे, डोळे लालबुंद. झुडपाझुडपातनं लपतछपत चालतो. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. पण म्हणणं वेगळं आणि ऑपरेशनच्या दिवशी त्याच्यासाठी गाडी अडवून धरणं वेगळं. मी कपाळावर हात मारून घेतला.

आईच्या पोटात गाठ निघाली होती. मिरजेच्या दवाखान्यात त्या दिवशी पुण्याचे मोठे सर्जन येणार होते आणि आठच्या आत पेशंट हजर पाहिजे, असं बजावलं होतं. आज चुकलं तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर. तेवढं थांबण्यात धोका आहे, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि आईनं ते दाराआडून ऐकलं होतं. तासगावाहून मिरज म्हणजे तासाभराची वाट. केव्हाच उजाडलं होतं आणि आई खुर्चीत बसली होती.

मी तेव्हा इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर होते. भोंगा वाजायच्या आत गेटच्या आत, हा माझा धर्म. पायाला भिंगरी आणि नाकावर राग घेऊन जन्मलीय, असं आईच माझ्याबद्दल चारचौघांत सांगायची. याला आता बरीच वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की अजून माझे तळपाय शिवशिवतात.

"आई, परवा विट्याची आत्या फोनवर म्हणाली, पितृपंधरवड्यात पोट फाडून घेऊ नका. तेव्हा तू काय म्हणालीस?"

"गाठीला पंचांग वाचता येतं का, विचारा म्हणाले."

"मग आज भारद्वाज कुठनं आला?"

"आला कुठं? तोच तर यायचाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बशीरभाईंनी गुपचूप इंजिन बंद केलं. ते आमच्याच गल्लीतले, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाऊन थोरले झालेले. हळूच म्हणाले, "मालाताई, काकूंच्या मनासारखं होऊ द्या. रस्त्यात मी भरून काढतो."

आप्पा आतल्या खोलीत कॉटवर बसून होते. अंगात नुसती बनियन. ते येणारच नव्हते. मघाशीच म्हणाले होते, "तुम्ही व्हा पुढं. मी मागनं यष्टीनं येतो." ते कुठल्याच यष्टीनं येणार नाहीत हे मलाही कळलं होतं आणि आईलाही. मी मनात म्हटलं, नको तर नको, एक पेशंट सांभाळणं पुरे आहे मला.

आप्पा वीज मंडळात लाइनमन होते. वादळात खांबावर चढून तारा जोडलेला माणूस. पण मागच्या खेपेला डॉक्टरांच्या तोंडून गाठ हा शब्द निघाला, तसे ते उठून बाहेर गेले ते थेट मिरजेच्या स्टँडवर सापडले. फलाटावर उभे होते, कुठल्या गाडीत बसायचं ते न कळून. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं आणि सकाळचं फिरणंही टाकलं.

फिरणं म्हणजे पाखरं बघणं. रिटायर झाल्यापासून रोजचा नेम. गळ्यात जुन्या बाजारातली दुर्बीण, तिची एक काच धुरकट. कुठं लांब तळ्यावर नाही की जंगलात नाही. मागच्या दारानं निघायचं, ओढ्यावरचा फरशी पूल, पडकी विहीर, विजेची डीपी, की परत. आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भाकरी थापणाऱ्या आईला सांगायचं, आज काय दिसलं. आई नाक मुरडायची.

"तोच ओढा, तीच पाखरं. रोज नवीन काय दिसतं म्हणते मी?"

"रोज तेच बघतो, म्हणून तर जरा काही वेगळं झालं की कळतं," आप्पा म्हणायचे.

मी माहेरी आले की हे सवाल-जबाब ठरलेले. चहाबरोबर खारी असावी तसे.

आईनं खुर्चीतूनच मान वळवून आवाज दिला. "अवो, ऐकलंत का? ह्या पोरीला सुताच्या धाग्याशिवाय काही दिसत न्हाई. भारद्वाज तुम्हालाच बघावा लागंल."

आत काही हललं नाही. मग कॉट करकरली. आप्पा बाहेर आले, आईकडं न बघता दारामागच्या खुंटीवरची दुर्बीण काढली आणि तिच्यावरची धूळ बनियनच्या टोकाला पुसली.

"डीपीजवळच्या घाणेरीच्या झुडपात असतो तो," एवढंच म्हणाले आणि मागच्या दारानं गेले.

मी चप्पल सरकवून त्यांच्यामागं पळाले. खरं सांगायचं तर भारद्वाजासाठी नाही. हे पुन्हा कुठल्या तरी फलाटावर सापडतील, ही धास्ती होती मला.

रात्री दव मजबूत पडलं होतं. गवतानं माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. आप्पा आधी ओढ्याच्या कडेनं कसेबसे, पाय ओढत चालले होते. मी मागून घड्याळ बघत, "आप्पा, जरा उरका," करत होते. फरशी पूल ओलांडून विहिरीपाशी आलो तेव्हा ते थांबले.

"त्या चपला काढ."

"का?"

"फटाक फटाक वाजतायत. ओढ्यातलं एक पाखरू जागेवर राहिलं न्हाई तुझ्यापायी."

मी चपला हातात घेतल्या. अनवाणी, ओल्या मातीत, मिरजेला सर्जन वाट बघतोय आणि मी चपला हातात धरून झुडपं हुडकतेय. आप्पांची चाल मात्र बदलली होती. मान ताठ झाली होती. तारेवर खंड्या बसला होता, त्याच्याकडं नुसतं बघून ते म्हणाले, "हा डीपीच्या तारेवर असायचा. इकडं का आलाय?" आणि पावलं भराभर टाकायला लागले.

का आलाय ते डीपीपाशी कळलं. घाणेरी नव्हतीच. काल संध्याकाळी जेसीबीनं सगळा पट्टा साफ केला होता. तांबडी माती उघडी पडली होती, तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. मुळासकट उपटलेली झुडपं एका बाजूला ढीग करून टाकली होती आणि त्यांची पानं अजून हिरवी होती.

आप्पा बघत राहिले.

"काल मशीनचा आवाज येत होता," ते म्हणाले. "मी घरात बसून ऐकत होतो. बाहेर येऊन बघितलं न्हाई."

"आप्पा, चला परत. दिसला म्हणून सांगू. तिला काय कळतंय?"

"तिला खोटं चालत न्हाई. मला जमतबी न्हाई."

"अहो, तिचं ऑपरेशन चुकेल. इथं जिवाशी गाठ आहे आणि तुम्ही दोघं पाखरं काय घेऊन बसलाय?"

ते एका ढेकळावर बसले. "माला, ती टेबलावरनं उठलीच न्हाई तर?"

"असं बोलू नका."

"मी सकाळचं बघून येणार, आणि सांगणार कुणाला?" त्यांचा आवाज फाटला. "नाक मुरडते, पण हात थांबतो तिचा. मी सांगायला लागलो की भाकरी तशीच परातीत राहते. एकदा तर तवा जळला. तुला म्हाईत न्हाई ते."

आणि आप्पा रडायला लागले. आजी गेली तेव्हा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, माझ्या लग्नातही नाही. गाडी, सर्जन, दिवाळीनंतरची तारीख, सगळं डोक्यात घण घालत होतं, तरी मी चपला खाली ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी ढेकळावर बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बनियन दवानं गार झाली होती. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली आणि इतका रागही आला की दोन्हीचं मिळून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

लांबून बशीरभाईंचा हॉर्न वाजला. आणि तो थांबतो न थांबतो तोच दुसरा आवाज आला. कूप, कूप, कूप. रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा.

आप्पांचं रडणं जागच्या जागी थांबलं. एक हात वर करून त्यांनी मला गप्प केलं, वास्तविक मी गप्पच होते.

"मागं हाय," ते पुटपुटले. "घराकडं."

"कशावरनं?"

"दव पडलंय. पंख भिजलेत त्याचे. सकाळी सकाळी उन्हाला बसल्याशिवाय तो हलत न्हाई. आता घाणेरी गेली, तर पहिलं ऊन कुठं पडतं? फरशी पुलावरच्या चिलारीवर." ते उठलेसुद्धा. "पाखरू घर बदलतं गं, सवय न्हाई बदलत."

आणि सत्तरीचा तो माणूस पळत सुटला. मी मागं चपला हातात घेऊन.

होता. पुलाच्या कठड्याला लागून माजलेल्या काटेरी चिलारीच्या शेंड्यावर, आमच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. येताना आम्ही त्याच्या अंगावरूनच गेलो असणार. वाळत घातलेल्या लुगड्यासारखे दोन्ही विटकरी पंख पसरून उन्हाला बसला होता, आम्हाला न जुमानता.

"इथंच थांब. नजर काढू नको त्याच्यावरनं," आप्पा म्हणाले. "मी तिला आणतो."

ते गेले आणि मी उभी. पापणी न हलवता बघत होते. भारद्वाजानं पंख मिटले, इकडं तिकडं बघितलं आणि खाली उतरून पानांआड शिरला. नजर न काढताही मला आता त्याच्या पंखाची नुसती विटकरी कड दिसत होती. मी त्या कडेवर डोळे रोवून धरले. आयुष्यात एवढा वेळ एका जागी मी कधी उभी राहिले नसेन.

आप्पा आईला कोपराला धरून घेऊन आले. त्यांच्या अंगात सदरा आला होता, गुंड्या खालीवर लागलेल्या. आई दमली होती, पाय जपून टाकत होती. मागच्या दाराच्या पायरीवर येऊन ती थांबली. आप्पांनी दाखवायला हात उचलला.

"दिसला," आई म्हणाली.

आप्पांचा हात अर्धाच वर गेला होता. आईनं दोन्ही हात जोडले, मग आमच्याकडं बघितलं. "आता चला की. उशीर कोण करतंय?"

आप्पा गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर, आईच्या शेजारी, दुर्बीण गळ्यात तशीच. यष्टीचं नाव कुणी काढलं नाही.

बशीरभाईंनी शब्द पाळला. सुमो अशी हाणली की द्राक्षबागांच्या तारा नुसत्या मागं पळत होत्या. आप्पा वाटभर बोलत होते. घाणेरी कशी गेली, खंड्यानं जागा का सोडली, भारद्वाजाची मादी आता कुठं असेल. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. मधेच म्हणायची, "पुरे की आता." मी पुढं बसून घड्याळ आणि रस्ता, रस्ता आणि घड्याळ. आठाला थोडं कमी असताना दवाखान्याच्या आवारात शिरलो आणि मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

आईला हिरवा झगा घातला. केस वर बांधून टोपी चढवली. त्या टोपीत ती एकदम लहान दिसायला लागली. आप्पा खालच्या दुकानात इंजेक्शनं आणायला गेले होते. स्वतःहून गेले होते, चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन.

"आई, एक सांग," मी म्हटलं. "भारद्वाज दिसला नसता तर खरंच आली नसतीस?"

"दिसला होता की. पहाटेच."

मला वाटलं, भुलीचं काही आधीच दिलंय की काय.

"न्हाणीच्या खिडकीतनं," आई म्हणाली. "रोज डीपीकडं जाताना दिसतो. आज पुलावरच बसला होता."

"तू रोज बघतेस?"

"अंघोळीचं पाणी तापेपर्यंत दुसरं काय करायचं असतं?"

"मग गाडी कशाला अडवलीस? माझा जीव गेला तिथं."

"तुझा जीव एवढ्यानं जात न्हाई. त्यांचा गेला असता." आईनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "त्यांना तसंच कॉटवर सोडून आले असते, तर मी इथं टेबलावर आणि ते तिथं एकटे. काही बरंवाईट कळलं असतं तर उठून कुठं गेले असते, देवाला ठाऊक. चला म्हटलं तर आले नसते. तू वरडली असतीस तर आणखी आत गेले असते. पाखरू बघा म्हटलं की उठतील, एवढंच एक मला ठाऊक होतं."

"पण तुला इतकं खात्रीनं कसं ठाऊक?"

"रोज बघते न्हवं त्यांना. जरा काही वेगळं झालं की कळतं."

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात आला होता. आईनं हात सोडला नाही.

"आणि हे बघ. मी आत असेपर्यंत त्यांना विचार, आज काय दिसलं म्हणून. मी भाईर आले न्हाई तर रोज विचार."

"आई."

"ऐक आधी. नुसतं हूं हूं करून ऐकू नको. जरा नाक मुरड. त्याशिवाय त्यांना सांगायला गोडी वाटत न्हाई."

थिएटरचं दार बंद झालं. वर तांबडा दिवा लागला. मी त्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. भिंतीपासून पाण्याच्या कूलरपर्यंत, कूलरपासून भिंतीपर्यंत. बाकावरची माणसं माझ्याकडं वैतागून बघायला लागली. दार उघडलं की मी पुढं धावायचे, आणि बाहेर यायचं कुणीतरी भलतंच. आप्पा बाकावर बसून होते, दोन्ही हात दुर्बिणीवर.

"माला, बस."

"बसवत नाही मला."

पुन्हा कूलर, पुन्हा भिंत. एकदा त्यांच्यासमोरून जाताना त्यांचे हात दिसले. दुर्बिणीचा पट्टा बोटांभोवती गच्च गुंडाळला होता, बोटं पांढरी पडली होती. मी थांबले.

"आप्पा, आज काय दिसलं?"

त्यांनी मान वर केली.

"तिनं सांगितलं व्हय, विचारायला?"

मी मान हलवली. खोटं मलाही जमत नाही, हे त्यांच्याकडूनच आलेलं.

"तो भारद्वाज तिनं आधीच बघितला होता," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? मी हात उचलायच्या आधी तिची नजर तिथं गेली. पानाआड बसलेलं पाखरू नव्या माणसाला असं दिसत न्हाई. कुठं हाय ते म्हाईत असलेल्यालाच दिसतं."

"मग तिला तसं बोलला का नाही?"

"कशाला? मी गाडीत बसावं म्हणून उपाशीपोटी एवढा खटाटोप केला तिनं." ते खाली बघत म्हणाले, "बसलो."

मी त्यांच्या शेजारी बसले. नाक मुरडलं. मला ते आईसारखं काही जमलं नसणार, पण मुरडलं.

"सांगा तरी. तीच पाखरं असतील म्हणा."

आप्पांनी पट्टा बोटांवरून सोडला. आणि सांगायला लागले. पायरी उतरल्यापासून सुरुवात केली. मी त्यांच्याबरोबरच होते की, पण मला दिसलं होतं त्याच्या दसपट त्यांना दिसलं होतं. बाभळीत शिंपी पाखरांची जोडी होती. विहिरीच्या कपारीत साळुंक्या भांडत होत्या. टिटवी एका पायावर उभी होती. ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले, मधे मधे "त्यात काय एवढं" म्हणत. शेजारच्या बाकावरच्या बाईसुद्धा ऐकत होत्या. भारद्वाजापर्यंत येऊन पोचलो आणि दार उघडलं.

"इंदुमती माळींचं कोण आहे?"

मी उठेपर्यंत आप्पा उभे राहिले होते. "मी. नवरा."

डॉक्टरांनी मास्क खाली घेतला. गाठ सबंध निघाली, म्हणाले. पुढची तपासणी होईल, पण आज चांगलं झालं. आप्पांनी त्यांना नमस्कार केला आणि माझ्यासाठी न थांबता आत गेले.

मी मागून पोचले तेव्हा ते आईच्या उशाशी वाकले होते. आईचे डोळे मिटलेले, ओठ कोरडे, नाकात नळी. ती ऐकतेय की नाही काही समजत नव्हतं. खिडकीतून दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती.

"ऐकलंस का," आप्पा तिच्या कानाशी म्हणत होते. "समोरच्या टाकीवर घार येऊन बसलीय. मघापासनं एका बाजूलाच मान वळवून बघतीय. काहीतरी हाय तिकडं."

आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. आप्पा आणखी खाली वाकले. मीही पुढं झाले.

आईनं डोळे न उघडता नाक मुरडलं.